दोन वायरींचा चुगलखोर

"बाई, गाडी विकली म्हणं?"

सकाळचे साडेसात. फोडणीला कढीपत्ता तोडावा म्हणून मी कुंपणापाशी गेले, तर भिंतीपलीकडून आधी तात्यांचा टॉवेल दिसला, मग टोपी, आणि मग हा प्रश्न.

"कुणी सांगितलं?"

"गल्लीत चर्चा हाय."

"गल्ली म्हणजे नक्की कोण, तात्या?"

तात्यांनी मागे वळून बघितलं नाही. पण वळून न बघण्यासाठी त्यांनी मान इतकी ताठ धरली की मला कळायचं ते कळलं. मागे ओट्यावर आक्का बसल्या होत्या. अक्षय्य तृतीया तोंडावर आलेली, म्हणून देव्हाऱ्यातली चांदी काढून घासत होत्या. पुढ्यात निरांजन, पंचपात्र, दोन फुलपात्रं आणि टूथ पावडरचा डबा.

"मी काय बोलले न्हाई हं," आक्का तिथूनच म्हणाल्या. "त्यो परवाचा माणूस गाडीचे फोटू काढत व्हता, तेवढंच मी बघितलं. बघायला काय बंदी हाय का?"

बंदी नाही. गोडोलीच्या आमच्या गल्लीत बघायला बंदी आली तर अर्ध्या लोकांना दिवस खायला उठेल. फोटो काढणारा माणूस मेकॅनिक होता, गेल्या दोन महिन्यांतला तिसरा. पहिल्यानं प्लग बदलले. दुसऱ्यानं गाडीचा कॉम्प्युटर गेलाय म्हणून असा आकडा सांगितला की त्यात माझ्या पेन्शनचे दोन महिने गेले असते. तिसऱ्यानं फोटो काढले आणि "भंगारात चांगले पैसे येतील, मॅडम" म्हणून निघून गेला.

गाडी म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, मारुती आठशे. २००१ ची, एमपीएफआय. दादा गेल्यावर सांगलीच्या गावभागातून ती साताऱ्याला माझ्याकडे आली. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हापासून मंडई, बँक आणि वर्षातून चार वेळा माहेर एवढाच तिचा व्याप. दुखणं एकच. सकाळी सुरू केली की पेट्रोलचा वास अंगणभर, आणि घाटात पाय दाबला की मागे काळा धूर. सपाटीला मात्र शहाण्या मुलीसारखी चालते. पेठनाक्यापासून कराडपर्यंत कुणी म्हणणार नाही हिला काही झालंय म्हणून.

"तवाच म्हणलं व्हतं," तात्या भिंतीवर कोपर टेकून सरसावले. "येष्टीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली म्या. डिझेलला काय लागतं? हवा आन डिझेल. तुमच्या ह्या गाडीत जागोजागी चुगलखोर बसवल्यात. एक हवेचं सांगतो, एक पाण्याचं सांगतो, एक धुराचं सांगतो. ऐकणारा डबा त्यो डॅशबोर्डखाली. सासूला असं चार बाजूंनी कान भरलं तर सून नांदंल का?"

"आमच्या सासूला एकाच बाजूनं भरलं व्हतं," आक्का म्हणाल्या आणि निरांजनावर जोर वाढला.

विषय सासूकडे वळायच्या आत मी म्हटलं, "तात्या, चुगली खरी असली तर सासूचं काही चुकत नाही. माझा संशय त्या हवेच्या चुगलखोरावर आहे."

आणि मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली, तिला इलाज नाही. कुंपणावर फळा नव्हता, पण भिंतीचा गिलावा होता आणि हातात खडूऐवजी कढीपत्त्याची काडी.

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण ते खातं जास्त करून हवा. आठशेचं इंजिन ७९६ सीसीचं. त्याची पिंपं, म्हणजे सिलिंडर, तेवढीच हवा ओढणार, उन्हाळा असो की हिवाळा. पण गरम हवा विरळ. दहा अंशांच्या पहाटे जेवढी हवा त्या पिंपांत मावते, तिच्यापेक्षा चाळीस अंशांच्या दुपारी वजनानं जवळजवळ दहा टक्के कमी मावते. हवा कमी तर पेट्रोलही कमी द्यायला हवं. कमी केलं नाही तर जास्तीचं जळणार कसं? वास येणार, काजळी धरणार, ॲव्हरेज पडणार.

"कार्बोरेटरच्या जमान्यात हे कोण बघत होतं?" मी विचारलं.

"डायव्हर बघत व्हता," तात्या छाती काढून म्हणाले. "येष्टीत लागायच्या आधी दोन वर्षं म्या फियाट टॅक्सीवर काढली. थंडीत हवेच्या डब्याची सोंड गरम बाजूला वळवायची, उन्हाळ्यात थंड बाजूला. सकाळी चॉक ओढायचा. न्हाई वळवली तर शेठ आपल्याला वळवायचा."

म्हणजे काम तेच, फक्त ते माणसाकडून काढून सेन्सरला दिलं. २००० साली देशभर धुराचे नवे नियम आले, तेव्हा कार्बोरेटरला रजा मिळाली आणि हा डबा-सेन्सरचा संसार, म्हणजे एमपीएफआय, घरोघर आला. आमच्यासारख्या छोट्या इंजिनांत एक सेन्सर आत ओढलेल्या हवेचा दाब सांगतो, दुसरा तिचं तापमान. त्यावरून हवेचं वजन काढून डबा पेट्रोलचं माप ठरवतो. तिसरा धुराच्या वाटेवर बसून वास घेतो आणि माप चुकलं तर सांगतो. पण त्या तिसऱ्याचं डबा कायम ऐकत नाही. इंजिन थंड असताना ऐकत नाही, आणि पूर्ण पाय दाबला असतानाही नाही.

तात्यांचे डोळे बारीक झाले. "म्हंजे सकाळी आन घाटात."

"म्हंजे सकाळी आणि घाटात," मी म्हटलं. तीस वर्षं वर्कशॉपात उगीच नव्हती गेली.

"आन ह्यो चुगलखोर असतो कसा?"

"दोन वायरींचा. आत एक मणी असतो. मणी तापला की विजेला वाट देतो, गारठला की अडवतो. डबा पाच व्होल्ट पाठवतो, किती अडलं ते बघतो आणि तापमान ओळखतो."

"उलटंच की," तात्या म्हणाले. "तार तापली तर रेझिस्टन्स वाढतो. कमी कसा हुईल?"

हाच प्रश्न एका इंग्रजाला पडला होता. मी आक्कांकडे बोट दाखवलं. "आक्का, ते निरांजनावरचं काळं आहे ना, ते चांदी आणि गंधक मिळून झालेलं असतं. मायकेल फॅरेडेनं १८३३ साली त्याच काळ्या पदार्थातून वीज सोडून बघितली. धातू तापला की वीज अडते, हा पदार्थ मात्र तापला की वाट मोकळी करतो. असल्या उलट्या स्वभावाच्या पदार्थांची ती पहिली नोंद. आमच्या गाडीतला मणी त्याच स्वभावाचा."

आक्कांनी निरांजन उजेडात धरलं. "बगा. त्याला चांदीचं काळं कळलं. आमच्या सासूबाईंना चाळीस वर्षं ही चांदी घासणारीचे हात कळलं न्हाईत."

अकरा वाजता तात्या मल्टिमीटर, पक्कड आणि पॉलिश पेपर घेऊन फाटकातून आले. येताना एक कागदाची पुडीही आणली. कराडच्या भाच्यानं मोबाइलवरून मागवलेली 'पॉवर चिप'. पाकिटावर धावती गाडी आणि विजेचा लोळ. हवेच्या सेन्सरला जोडा, पिकअप वाढवा, अशी त्याची जाहिरात म्हणे.

"आपल्याला हिचाच उपयोग हुईल काय?"

"आधी आत काय आहे ते बघू," म्हणून मी स्वयंपाकघरातल्या सुरीनं वरचं काळं प्लास्टिक सोललं. आत एक रेझिस्टर निघाला. मुगाच्या शेंगेतल्या दाण्याएवढा, अंगावर पट्टे. लाल, काळा, लाल. दहावीच्या मुलांना मी हे पट्टे पाठ करून घेत असे. दोन, शून्य आणि पुढे दोन शून्यं. दोन हजार ओहम. बाजारात दीड-दोन रुपयांना मिळतो.

"ह्यानं ताकद कशी वाढती?"

"ताकद वाढत नाही. खोटं बोलणं वाढतं. सेन्सरच्या वाटेत हा अडवणारा उभा केला की डब्याला वाटतं, हवा गार आहे. मग तो पेट्रोल जास्त सोडतो, ठिणगीही जरा लवकर टाकतो. पाय दाबल्यावर क्षणभर उसळी आल्यासारखं वाटतं. सपाटीला तो वास घेणारा सेन्सर सगळं परत दुरुस्त करतो. उरतं काय? काळा प्लग, जास्त पेट्रोल आणि उन्हाळ्यात इंजिनाची टकटक."

तात्यांनी रेझिस्टर चिमटीत धरून भाच्याचा मनोमन उद्धार केला.

बोनेट उघडलं. आता सेन्सर शोधायचा. गाडीगणिक याची जागा बदलते. कुणाचा हवेच्या डब्यावर, कुणाचा डब्यापुढच्या काळ्या नळीवर, कुणाचा थेट मॅनिफोल्डवर. वाट मात्र एकच, फिल्टरपासून इंजिनापर्यंतची. त्या वाटेवर हात फिरवत जायचं. तात्यांनी वाट सोडली आणि सरळ इंजिनाच्या अंगाला, पाण्याच्या नळ्याशेजारी पक्कड घातली.

"तो नव्हे!" मी ओरडलेच. "तो पाण्याचा. गरम इंजिनात काढाल तर उकळतं पाणी तोंडावर येईल."

"दिसायला तर ह्योच की. दोन वायरी, तसलाच."

"सख्ख्या जावा आहेत त्या. एक पाण्यात बुडालेली, पितळी, घट्ट आवळलेली. दुसरी हवेत बसलेली, प्लास्टिकची, हलकी."

आमची हवेतली जाऊ फिल्टरच्या डब्यावर निघाली. गाडी रात्रीपासून उभी होती, म्हणून आधी दोन्हींचा रेझिस्टन्स मोजला. रात्रभर उभ्या गाडीत पाणी आणि हवा एकाच तापमानाला येऊन बसतात, त्यामुळे दोघींनी साधारण एकच बोललं पाहिजे. बोलल्या. म्हणजे सेन्सर बिचारा शहाणा.

तरी मास्तरीण ऐकेना. सेन्सर काढून, टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधून, फ्रिजमधल्या बर्फाच्या पाण्यात धरला. पावणेसहा हजार ओहम. मग चहाच्या आधणातून उतरवलेल्या पाण्यात. सव्वातीनशेच्या आसपास. आक्का पातेल्याकडे बघत होत्या. "ह्या पातेल्यात परत चहा करणार न्हाई ना?" केला. पिशवी बांधली होती.

"मग दुखणं कुठं हाय?" तात्यांनी टोपी मागे सरकवली.

सेन्सर परत बसवला. सावलीत पारा चौतिसावर होता. सेन्सरच्या पिनांवर मोजलं तर चौदाशे ओहम, अगदी बरोबर. मग बॅटरीची वायर काढून, पायापाशी वाकून, डॅशबोर्डखालच्या कॉम्प्युटरचा जोड सोडवला आणि तिथून त्याच दोन वायरींवर मोजलं. तेहतीसशे. म्हणजे निघताना चौदाशेची बातमी, पोचताना तेहतीसशेची. तेहतीसशे म्हणजे तेरा अंश. आम्ही घाम पुसत होतो आणि कॉम्प्युटर महाबळेश्वरच्या थंडीत स्वेटर घालून बसला होता. चौतीसच्या हवेला तेराची समजून शंभराला सात भाग पेट्रोल जास्त सोडत होता.

"आन डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा का न्हाई लागला?"

"वायर तुटली असती तर लागला असता. अडवणूक इतकी वाढते की डब्याला वाटतं उणे चाळीस अंश आलेत, आणि ते साताऱ्यात शक्य नाही, एवढं त्याला कळतं. पण तेरा अंश? येतात की कधी डिसेंबरात. धडधडीत खोटं पकडलं जातं, तात्या. निम्मं खरं चालून जातं."

सेन्सरच्या टोकाचा कनेक्टर उघडला आणि उत्तर समोर आलं. पिनांवर हिरवट किट्ट.

ते बघून मी जरा गप्प झाले. ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेची धोक्याची खूण पंचेचाळीस फुटांची, आणि आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. १९२९ साली बांधलेल्या त्या पुलावरून पाणी बघायला जायचं हा आमचा लहानपणीचा खेळ. त्या वर्षी पाणी आम्हाला बघायला घरात आलं. दादांची गाडी बोळाच्या उतारावर तोंड खाली करून उभी होती. बोनेट पाण्यात, सीटा कोरड्या. पाणी ओसरल्यावर दादांनी एक गोष्ट अचूक केली होती. चावी फिरवली नाही. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली तर पिस्टन पाण्यावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी फिल्टर काढला, प्लग काढून पाणी उडवलं, ऑइल बदललं, मग गाडी सुरू केली. सगळं पुसलं, सगळं वाळवलं. या एका बोटभर जोडात तेवढं राहिलं.

तात्यांनी रेझिस्टर परत चिमटीत धरला. मनात हिशेब चालला होता. "चौदाशेचं तेहतीसशे. म्हंजे कृष्णामाईनं एकोणीसशे घातलं. आन भाच्याच्या चिपमदी दोन हजार."

"उन्नीस-बीस," मी म्हटलं.

"आयला!" तात्या हसत सुटले. "म्हंजे भाच्यानं पैसं मोजून जो गंज घेतला, त्यो तुमास्नी नदीनं फुकट दिला!"

हसू ओसरल्यावर त्यांना नवी कल्पना सुचली. "सेन्सर काढून फुडं जाळीपाशी बसवला तर? गार वारं लागंल."

"मग तो साताऱ्याचं हवामान सांगेल. इंजिन काय खातंय ते सांगणार नाही. ताटात काय वाढलंय हे ताटात बघूनच कळतं, शेजारच्या ताटात बघून नाही. हां, एखाद्या गाडीत तो तापलेल्या लोखंडाला चिकटून बसलेला असतो. खंबाटकीच्या घाटात गाडी चहाला थांबवली की लोखंडाच्या उष्णतेनं तोही भाजतो, आणि हवा आहे त्यापेक्षा गरम सांगतो. तसला असेल तर अलीकडे प्लास्टिकच्या नळीत सरकवावा. पण फिल्टरच्या पुढे, आत जाणाऱ्या हवेतच. आपला फिल्टरच्या डब्यावरच आहे. त्याला उठवायचं कारण नाही."

मग तात्या कामाला लागले आणि मी गप्प बसले. हात त्यांचेच. हिरवं किट्ट वायरीच्या आतही शिरलं होतं, म्हणून इंचभर वायर कापून टाकली, नवी टर्मिनलं दाबली, डाग दिला, वर पाणी शिरू नये म्हणून नळी चढवली. सेन्सरच्या पिना पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासल्या, स्प्रे मारला, जोडात किंचित ग्रीस. आक्का कुंपणावरून बघत म्हणाल्या, "सकाळपासनं म्या तेच करतीय. मला कुणी विंजनेर म्हणालं न्हाई."

कॉम्प्युटरच्या टोकाला परत मोजलं. चौदाशे वीस.

संध्याकाळी समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढलो. मी चालवत होते, शेजारी तात्या, मागे आक्का. वळणावळणाला तात्या खिडकीतून डोकं काढून मागे बघत. "न्हाई. धूर न्हाई." पुढच्या वळणावर परत. "न्हाई." वर पोचल्यावर गार वारं सुटलं होतं. खाली साताऱ्याचे दिवे, अजिंक्यताऱ्याची काळी पाठ. मी पाय पूर्ण दाबून बघितला. गाडी ओढत होती, पण उगीच उसळत नव्हती. परतताना कंदी पेढे घेतले, पैसे तात्यांनी दिले. भाच्याच्या चिपचे वसूल झाले म्हणाले.

घरी येऊन चप्पल काढते तोच सांगलीहून भावाचा फोन.

"ताई, दादांची गाडी विकलीस? मला विचारायचंस तरी!"

"तुला कोण म्हणालं?"

"कराडहून कळलं. तात्यांचा भाचा म्हणाला म्हणे. ऐंशी हजार आले ना?"

मी हिशेब केला. परवा गोडोलीत फोटो काढले होते. गल्लीत ती विकली गेली. कराडात तिला किंमत आली. सांगलीपर्यंत ऐंशी हजार झाले. प्रत्येक जोडावर थोडं थोडं किट्ट. आणि इशाऱ्याचा दिवा कुठेच लागला नाही, कारण म्हातारी बाई जुनी गाडी विकते यात अशक्य काय आहे?

फोन कानाला तसाच धरून मी कुंपणापाशी गेले. पलीकडे ओट्यावरच्या दिव्याखाली आक्का बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी खाली मान घातली आणि सकाळीच लख्ख झालेलं निरांजन परत घासायला घेतलं.